चेंबरमधलं गार पाणी

पाऊस थांबून आठ दिवस झाले. ऊन कडक आहे, बांधांवरचं काशाचं गवत पांढरंशुभ्र झालं आहे, धान पोटरीला आलं आहे आणि आमच्या गावचा गटाराचा पंप सकाळपासून बंद व्हायचं नाव घेत नाही. परवा एका घरी पाहुणा आलेला जावई मला रस्त्यात थांबवून विचारत होता, "काका, पाऊस तर नाही, मग हे पाणी कुठून उपसून राहिले?" मी म्हटलं, "खालून." त्याला वाटलं मी चिडून उत्तर दिलं. मी चिडलो नव्हतो. भाद्रपदात आमच्याकडे पाणी खालूनच येतं.

चरोदा आणि अहिवारा यांच्या मधे आमचं गाव. एका अंगाने रेल्वेच्या यार्डात डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज येतो, दुसऱ्या अंगाने चुनखडीचे ट्रक जातात आणि झाडांच्या पानांवर पांढरी पूड बसते. पावसाळ्यात तेवढी ती धुऊन निघते. गाव मूळचं छत्तीसगढी शेतकऱ्यांचं. त्यात आमच्यासारखी भंडारा-गोंदियाकडची घरं एकेक करून मिसळत गेली, कोणी रेल्वेतलं, कोणी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, आणि क्वार्टर सोडणारा माणूस आधी जागा घेतो, मग ती उंच आहे की सखल ते बघतो. आम्ही सगळे सखल निघालो.

वर हात-दोन हात मुरूम आणि त्याखाली चिवट काळी माती, अशी इथली जमीन. आषाढ-श्रावणात पडलेलं पाणी त्या मातीवर अडून राहतं आणि हळूहळू वर चढतं. भाद्रपद लागला की विहिरीला दोर लागत नाही, काठावर बसून तांब्या बुडवता येतो. घरातली फरशी घामेजते. दारं फुगतात, ती लावायला खांदा द्यावा लागतो. कोठीतले तांदूळ विटांवर चढतात, पलंगाखालच्या चपलांना बुरशी धरते आणि भिंतीला टेकून बसलं तर पाठ ओली होते. या सगळ्याची आम्हाला सवय आहे. जुन्या लोकांना तर त्याचं कौतुकच होतं, कारण विहिरी भरल्या म्हणजे उन्हाळा निघणार. कुरकुर सुरू झाली ती गावात गटाराची लाईन आल्यापासून. गटार ही गावातली सगळ्यात खोल वस्तू असते. जमिनीखालच्या पाण्याला ती सापडली की ते दुसरीकडे कशाला जाईल?

मला जो भाद्रपद सांगायचा आहे तो काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा लाईनला दुसरंच वर्ष होतं. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला, कोणाला काही कळलं नाही, सगळे खूश होते. दुसऱ्या वर्षी जेठ महिन्यात माझा थोरला भाऊ गेला. आम्ही त्याला दादा म्हणायचो, गाव बडे भइया म्हणायचं. रेल्वेत सगळा जन्म त्याने रुळांवर काढला होता, ट्रॅकच्या गँगमध्ये, दुर्ग लाईनवर. दुपारी जेवून उठला, हात धुवायला मोरीकडे गेला आणि तिथेच बसला तो बसलाच. मला बोलवायला आले तेव्हा मी नळाचा वॉशर बदलत होतो. मी वॉशर पूर्ण बसवला, पाना धुऊन जागेवर ठेवला आणि मग गेलो. लोकांना वाटलं, काय धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं.

हे काहीच न वाटणं चार महिने टिकलं. दहावा झाला, तेरावा झाला, मृग आला, पेरण्या झाल्या. मी सगळीकडे होतो, सगळं करत होतो. माणसं भेटायला येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि मी त्यांच्या घड्याळाकडे बघायचो. पाऊस पडतोय हे मला पत्र्याच्या आवाजावरून कळायचं. भाजीत मीठ कमी आहे हे बायकोने सांगितल्यावर कळायचं. त्या दिवसांत माझ्या शरीरात मी भाडेकरूसारखा राहत होतो आणि घराकडे माझं फारसं लक्ष नव्हतं.

म्हणून त्या हंगामाच्या माझ्या आठवणी विचित्र आहेत. दुःखाची एकही नाही. वस्तूंच्या मात्र पुष्कळ आहेत. दादाच्या अंगणातलं पेरूचं झाड, त्याला त्या वर्षी फार पेरू आले आणि ते झाडाखालच्या ओलीत कुजले. त्याचा रेनकोट, खिळ्यावर तसाच. दर थोड्या वेळाने यार्डातून येणारी शंटिंगची शिटी, आणि शिटी ऐकताच वहिनी घड्याळाकडे बघायची ती सवय. दादाला रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी तिची ती सवय गेली नव्हती.

दादाचं घर गावाच्या उताराला शेवटचं. त्याच्या कुंपणाला लागून गटाराचं शेवटचं चेंबर, आणि पुढे शंभरेक पावलांवर पंपाचा हौद. गावातलं सगळं वाहून तिथे यायचं आणि पंप ते पलीकडच्या, सांडपाण्यासाठी खणलेल्या तलावांत ढकलायचा. पंपावर सुकवारो नावाची बाई असते, आजही आहे. छत्तीसगढी, माझ्याच वयाची, हातात जाड कडी, कमरेला तंबाखूची डबी. पंपाचं बटण दाबायला कोणीही चालतं, पण कोणत्या वेळी कोणाच्या घरी पाहुणे आलेत हे हौदात नुसतं वाकून सांगणारी एकटी सुकवारोच.

पोळ्यानंतरच्या एका सकाळी तिने मला हाक मारली. हौदाच्या काठावर उकिडवी बसून ती बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवत होती.

"पानी जुड़ हे भइया," ती म्हणाली. जुड़ म्हणजे गार. "गटर के पानी अतका जुड़ नइ होवय."

मी बोटं बुडवली. विहिरीसारखं गार होतं. वासही जवळपास नव्हता. गटाराचं पाणी कोमट असतं, त्यात लोकांची आंघोळ असते, भांडी असतात. हे पाणी कोणाच्याही घरातलं नव्हतं. बादलीच्या तळाशी एक इवलीशी गोगलगाय शेतातल्यासारखी निवांत चालली होती. पंप आदल्या दिवसापासून बंद झाला नव्हता आणि हौदाची पातळी बोटभरही उतरली नव्हती.

त्याच दुपारी वहिनीच्या लॅट्रिनमधून गुडगुड आवाज आला आणि पाणी वर चढलं. संध्याकाळपर्यंत ते न्हाणीतून अंगणात उतरलं. गार असलं तरी येताना ते गटारातून आलं होतं. त्यात काय होतं हे सांगायची गरज नाही. वहिनी पदर नाकाला लावून खराट्याने ते ढकलत होती आणि ते परत येत होतं. मी लॅट्रिनच्या भांड्यावर वाळूचं पोतं ठेवलं, पोत्यावर पाटा ठेवला. पाणी चेंबरच्या झाकणातून यायला लागलं. मी बघत उभा राहिलो. मला फक्त इतकंच वाटलं की पाटा चांगला बसला.

पुढचे पंधरा दिवस तसेच गेले. गणपती बसले आणि उठले. वहिनी दिवसा आमच्याकडे जेवायची आणि झोपायला आपल्याच घरी जायची, कारण कुलूप लावलेल्या घराला पाणी लवकर खातं असं तिचं म्हणणं. नागपूरहून तिच्या मुलीचा रोज फोन यायचा, की आई, ते घर सोड. वहिनी म्हणायची, "पितरं होऊ दे. त्यायचं पहिलं पितर मी दुसऱ्याच्या घरी नाही घालणार. त्यायच्या घरात घालीन, मंग पाहू."

एवढंच तिचं मागणं होतं. दादाचं पहिलं पितर त्याच्या घरात, कोरड्या, सारवलेल्या अंगणात. आणि तिथे तर घोट्याएवढं पाणी.

आता मला माझ्या अकलेबद्दल सांगावं लागेल. मी प्लांटमध्ये पाइप फिटर होतो, पाण्याच्या लाईनींवर. माझ्या हाताखालून गेलेला जोड गळत नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती मीच जास्त पसरवली होती. गावात लाईन टाकायचं ठरलं तेव्हा पाणी समितीचा प्रमुख दादा होता, पण पाइपातलं कळणारा मी. कागदावर पाइपाखाली आणि भोवती वाळू भरायची होती आणि ठरावीक अंतरावर चिकणमातीचा पट्टा. वाळू मिळत नव्हती. ठेकेदार हात वर करून बसला होता. मी म्हटलं, वाळू कशाला पाहिजे? रसमड्याला एका कारखान्यामागे स्लॅगचे डोंगर पडलेत. भट्टीत लोखंड वितळलं की वर जो मळ येतो तो स्लॅग. थंड झाला की करड्या, जाळीदार दगडासारखा होतो. चिखल होत नाही, दबत नाही, उचलून न्याल तितका ते लोक द्यायला तयार. मी तीस वर्षं त्याच्यावरून चाललो होतो. दगडापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

दादाने तेव्हा एकदा टोकलं होतं. चराच्या काठावर उभा राहून मूठभर स्लॅग हातात खेळवत तो म्हणाला, "अबे, याच्यातून पाणी धावते ना. आमी रुळाखाली गिट्टी कावून टाकतो? पाणी निघून जावं म्हणून. तू तर पुऱ्या गावाखाली गिट्टी टाकून राहिला."

मी म्हटलं, "दादा, तुह्या रुळावरून गाडी जाते, माह्या पाइपातून पाणी जाते. गाडीचं तू पाह्य, पाण्याचं मले पाहू दे."

सगळे हसले. दादाही हसला. मातीचे पट्टेही मी गाळून टाकले, उगाच काम वाढतं म्हणून. उन्हाळ्यात प्रत्येक जोड पाणी भरून तपासला, एक थेंब बाहेर आला नाही. प्लांटमध्ये पाइपाच्या आत दाब असायचा. पाणी आतून बाहेर गळतं, हे मला झोपेतही कळायचं. बाहेरचं पाणी आत गळू शकतं, हा विचार तीस वर्षांत कधी डोक्यात आला नव्हता. नवऱ्याच्या खोड्या माहीत असलेल्या बाईला जावयाच्या खोड्या ओळखता येतातच असं नाही, तसं काहीसं ते होतं.

मला ते कळलं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. वहिनीच्या कुंपणालगतच्या चेंबरचं झाकण काढून मी आत शिडी लावली होती. पंप जोरात चालू होता म्हणून पाणी थोडं उतरलं होतं. पाइप जिथे चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथे, पाइपाच्या बाहेरून, विटांच्या सांध्यांतून पाणी धो धो येत होतं. स्वच्छ, झऱ्यासारखं. मी तिथे हात लावला तर पाण्याबरोबर एक करडा खडा तळहातावर आला, जाळीदार आणि हलका. शिडीवर उभ्या उभ्या मला सगळं चित्र दिसलं. गावाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत मी एक नाला खणला होता, त्यात दगड भरले होते, वरून माती घालून झाकला होता आणि तो नेऊन भावाच्या अंगणात सोडला होता. गावभरच्या जमिनीतलं पाणी त्या वाटेने धावत होतं, मिळेल त्या जोडातून पाइपात शिरत होतं आणि उरलेलं वहिनीच्या उंबऱ्याशी येऊन थांबत होतं.

मी वर आलो. झाकण लावलं. आपलं ठेवावं झाकून म्हणतात ते मी त्या दिवशी अगदी शब्दशः केलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोरच्या पिंपळाखाली बैठक झाली. वरच्या आळीतही दोन चेंबर उसळली होती, त्यामुळे गर्दी होती. बायका मागे पारावर बसल्या होत्या, त्यांत वहिनीही. सरपंच माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही, पण बैठकीत काहीतरी बोलावंच लागतं. तो म्हणाला, "लाइन तो बड़े भइया डरवाय रिहिन ना." लाईन बडे भइयांनीच टाकवून घेतली होती ना, असं. मग आमच्याच मराठी घरांतला एक जण म्हणाला, "रेल्वेवाल्याले गटाराचं काय समजते?" चार जण हसले. मी हसलो नाही, पण माझे ओठ हलले हे मला माहीत आहे. वहिनीने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने पारावरची माती उकरायला लागली.

मी उठून बोललो. चराला जागोजागी आडवं खणा, पाइपाभोवतीचा स्लॅग काढा, तिथे काळी चिकणमाती ठासून भरा म्हणजे पाण्याची वाट तुटेल. चेंबरच्या भिंती आतून सिमेंटने गुळगुळीत करा. तोवर वरच्या आळीतल्या विहिरी मोटरने उपसत राहा म्हणजे पातळी उतरेल. सगळं बरोबर सांगितलं. स्लॅग कोणी घातला तेवढंच सांगितलं नाही. सरपंच म्हणाला, फिटर भइया नसते तर गाव बुडालं असतं. लोकांनी माना डोलावल्या. मलाही त्या वेळी काही वाटलं नाही, आणि त्याचीच आता जास्त लाज वाटते. ज्याला काही वाटत नाही त्याला खोटं बोलणं फार सोपं जातं.

कामाला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. धानाच्या बांध्या बांधणारी माणसं होती ती. पाणी अडवायचं कसं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ओल्या काळ्या मातीचे गोळे करायचे, चरात टाकायचे आणि पायाने तुडवायचे. मुठीने मारून आवाज बद्द आला की पुढचा थर. काढलेल्या स्लॅगचे ढीग रस्त्याच्या कडेला साचत गेले. येणारा-जाणारा एखादा खडा उचलून बघायचा आणि टाकून द्यायचा. विहिरींच्या मोटरी दिवसभर घरघरत. उपसलेलं पाणी पाटाने शेतांकडे जायचं आणि त्यात बायका गोधड्या धूत बसायच्या. चरात असे चार-पाच मातीचे बांध झाले तेव्हा सुकवारोने हौदात वाकून सांगितलं की पाणी हात-दीड हात उतरलं आहे, आणि वास परत येतोय. गटाराला वास आला म्हणून आनंदलेलं गाव मी तेवढंच पाहिलं.

वहिनीचं अंगण वाळायला लागलं. एक दिवस गेलो तर ती अंगणात फिनाइल टाकून, वर चुना टाकून, त्यावर शेणाने सारवत होती. लॅट्रिनवरचा पाटा मी काढला होता. पितरपाट म्हणजे पितृपक्ष सुरू झाला होता, दादाची तिथी चार दिवसांवर आली होती. ती हात धुऊन ओसरीवर बसली आणि वड्यांसाठी उडदाची डाळ निवडायला घेतली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाटावर तुमीच बसा. त्यायच्या जागी दुसरा कोण बसन?"

आमच्या घरात एक रीत आहे. पितराच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, त्याला पहिलं ताट वाढतात. तो जेवेपर्यंत तो तो नसतो, गेलेला माणूस असतो. घरातली बाई त्याच्यापुढे बसून वर्षभराची खबर सांगते आणि पाटावर बसलेल्याने बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं आणि जेवायचं. बाबांच्या पितराला आई शेजारच्या एका गार्डसाहेबांना बसवायची. त्यांच्या तोंडात वडा आणि आई त्यांना सांगतेय, छपराचे कवेलू बदलले, म्हैस विकली, धाकटा नववीत नापास झाला. नापास झालेला धाकटा म्हणजे मी, पाणी वाढत तिथेच उभा. गार्डसाहेब वडा चावत माझ्याकडे असं बघायचे की बाबांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे दादाच्या ताटावर मी बसणार होतो, दादा म्हणून. आणि वहिनी मला सांगणार होती की गाव तुम्हाला काय म्हणालं.

मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. म्हटलं, "वहिनी, लाईनमधे जो घोटाळा झाला ना, तो दादाचा नव्हता. स्लॅग म्या टाकायला लावला. दादा नाही म्हणत होता. मातीचे पट्टेही मीच काढले."

ती डाळ निवडत राहिली. एक खडा काढून तिने बाजूला ठेवला, मग दुसरा. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या भाऊजी, झालं ते झालं. तेवढ्यासाठीच बहुतेक मी तिला सांगितलं होतं.

"हे मले कावून सांगून राहिले?" ती म्हणाली. "म्या घेतली होती का मीटिंग? जिथं त्यायचं नाव निघालं तिथं जाऊन सांगा."

मग ताट उचलून ती आत गेली.

मी तसाच शेवटच्या बांधाच्या खड्ड्याकडे गेलो. खड्डा तिच्या कुंपणापासून जवळच होता. सरपंच तिथे होता, बैठकीतले बरेच जण होते, सुकवारो लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून माती तुडवत होती. मी हिंदीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. स्लॅग माझ्या सांगण्यावरून पडला. भावाने मला टोकलं होतं, मी त्याची चेष्टा केली. बैठकीत त्याचं नाव घेतलं गेलं तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

माझा आवाज सपाट होता. वीजबिल वाचून दाखवावं तसा. सरपंच जरा ओशाळला. म्हणाला, "अब छोड़व ना भइया. बड़े भइया तो गुजर गे." गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं त्याला म्हणायचं होतं. तो रेल्वेवाल्याची थट्टा करणारा आमचा माणूस मोबाइल काढून बघायला लागला. एक-दोघे म्हणाले, चूक कोणाच्याही हातून होते. कोणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

फक्त सुकवारोने तुडवायचं थांबवलं. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "त अतका दिन ले काबर चुप रेहे?"

इतके दिवस गप्प का राहिलास, असं ती विचारत होती. उत्तराची वाट तिने पाहिली नाही. खाली पडलेला मातीचा गोळा तिने माझ्या हातात दिला आणि मी चपला काढून खड्ड्यात उतरलो. संध्याकाळपर्यंत माती तुडवली. पिंढऱ्या भरून आल्या, अंगठ्याचं नख उलटलं. ते दुखलं, हे मला तेव्हा कळलं.

आता मी पंपाकडे जातो तेव्हा नवी माणसं कधी कधी अजून म्हणतात, ही बडे भइयांची लाईन. मी दरवेळी थांबून दुरुस्ती करतो. ते ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणतात. पाणीही दर भाद्रपदात येतंच. बांधांनी त्याची वाट तोडली, ते संपलं नाही. कुठलातरी जोड सैल होतो, कुठल्यातरी चेंबरला चीर जाते, आणि सुकवारो बोटं बुडवून सांगते. मग आम्ही विहिरी उपसायला लावतो, चिरा भरतो आणि वाट पाहतो. हा काही जिंकायचा प्रकार नाही, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. वहिनी अजून तिथेच राहते. मुलीचा फोन अजून येतो.

पण त्या वर्षीची तिथी. सकाळी अंगण कोरडं होतं, शेणाचा हिरवा रंग अजून उतरला नव्हता. कढी, वडे, गवारीची भाजी, खीर, सगळ्या घरात तळणाचा वास. कावळ्याचं पान कुंपणावर ठेवलं. मला वाटत होतं की वहिनी दुसऱ्या कोणाला तरी बसवेल, म्हणून मी मागेच उभा होतो. तिने पाट मांडला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी बसलो. तिने माझे पाय धुतले, उलटलेल्या नखाला पाणी लागू न देता. ताट पुढे सरकवलं आणि समोर बसली.

"ऐकलं का," ती म्हणाली. "अंगणात पाणी आलं होतं, आता नाही. पेरू लय आले, खाल्ले नाही कोणी. पोरगी नागपूरले बोलावून राहिली, मी नाही म्हटलं." मग भातावर तूप वाढलं. "लाईनच्या नावानं गाव तुमाले बोललं. तुमचा भाऊ तिथंच होता, गप्प बसला. मंग चार दिवसाआधी गेला आन् सगळ्यायच्या समोर सांगितलं त्यानं, का चूक माही होती, माह्या भावाची नाही. लय उशिरा सांगितलं. पण सांगितलं. आता त्याले माफ करायचं का नाही, तुमचं तुमी पाहा. तुमचा भाऊ आहे. मी मधे नाही पडत."

तिने कढी वाढली. "जेवा," ती म्हणाली.

पाटावर बसलेल्याने बोलायचं नसतं. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला. समोर ती वाट पाहत बसली होती, दादाच्या उत्तराची, आणि उत्तर द्यायला दादा नव्हता. चार महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की तो गेला आहे. मी जेवलो, ताट रिकामं होईपर्यंत जेवलो, आणि कढीत माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं ते वहिनीने पाहिलं आणि पुन्हा वाढलं.